पहिलटकरीण म्हणून कापायलाच हवं का?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात बाळंतपणाबद्दल येतं ते काय, तर डॉक्टर जाग्यावर नाही, गाडी उशिरा आली, अमक्या वाडीतल्या बाईची डिलिव्हरी रिक्षातच झाली, नाहीतर सिझेरियन किती वाढली. येऊ दे, तेही हवंच. पण नॉर्मल झाली की पेढे वाटले आणि विषय संपला असं नसतं ना. बाळाच्या वाटेवर कात्रीने कट देतात, त्याच्या टाक्यांमुळे ती बाई पुढचे पंधरा दिवस एका कुल्ल्यावर तिरकी बसून बाळाला पाजत असते, लघवीला जायचं म्हटलं की तिच्या डोळ्यात पाणी येतं, त्याबद्दल मी आजवर एक ओळ वाचलेली नाही. म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाइप करतेय, काना-मात्रा तुम्ही बघून घ्या.

मी सिंधुदुर्गात सरकारी नोकरीत स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी वर्षं लेबर रूममध्येच गेली, आता रिटायर आहे. गेल्या पावसाळ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नाव घातलेलं ते एका खाजगी हॉस्पिटलात. कळा सुरू झाल्यावर तिला आत घेतलं आणि मला दारातच सांगितलं, "काकू, बाहेर थांबा." मी म्हटलं अहो मी नर्स आहे, तर ती पोरगी म्हणाली सगळेच असं काही ना काही सांगतात. चूक तिची नाही हो. तेच वाक्य मी स्वतः किती आयांना, किती सासवांना म्हटलं असेल त्याचा हिशोब नाही. मी गुपचूप बाकावर बसले. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आतून आवाज येत होता, "जोर लाव, जोर लाव, अजून, सोडू नको, सोडू नको!"

पोरीने नंतर सांगितलं ते असं. पाय वर अडकवलेले, पाठीवर सपाट झोपवलेली, आयाबाईने वरून पोटावर दाब दिला, आणि कट कधी दिला ते तिला कळलंच नाही, टाके घालताना कळलं. तिला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. डिस्चार्ज कार्डावर मात्र स्वच्छ अक्षरात, नॉर्मल डिलिव्हरी विथ एपिजिओटॉमी, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा कापून वाट मोठी करणं, आम्ही थोडक्यात एपी म्हणतो. बाळ छान, तीन किलोच्या आतलं, ठोके शेवटपर्यंत चांगले होते. मग कट कशाला? मी विचारलं तर उत्तर आलं, "पहिलटकरीण आहे ना."

या उत्तरावर मला काही बोलता येईना, कारण आम्हालाही हेच शिकवलेलं. पहिलटकरीण म्हणजे एपी द्यायचीच. डोकं दिसायला लागलं की कात्री. का, तर नाहीतर वेडंवाकडं फाटेल, सरळ कट शिवायला सोपा, लवकर भरतो, पुढे अंग बाहेर येत नाही. मीही तसंच करत आले आणि माझ्या हाताखालच्या पोरींनाही तेच शिकवलं. हे कबूल करायला मला लाज वाटते पण केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

रिटायर झाल्यावर रिकामपण आलं, इंटरनेटवाला मोबाईल आला, तेव्हा वाचायला लागले. तर ही पद्धत आली कुठून? असा कट द्यावा हे पहिल्यांदा डब्लिनच्या एका डॉक्टरने १७४२ साली लिहिलं, पण ते अडलेल्या बाईसाठी, क्वचित कधीतरी. मग १९२० मध्ये अमेरिकेत डिली नावाच्या मोठ्या डॉक्टरांनी मांडलं की पहिलटकरणीला सरसकट कट द्या आणि चिमटा (फोर्सेप्स) लावून मूल काढा. मोठ्या माणसाने सांगितलं, जगभर चालू झालं. खरंच फायदा होतो का हे नीट तपासायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. तपासलं तेव्हा निघालं उलटंच, सरसकट कट देण्यापेक्षा गरजेलाच कट दिला तर गुदद्वारापर्यंत जाणाऱ्या मोठ्या जखमा कमी होतात, साधारण तीस टक्क्यांनी कमी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये सांगितलं, २०१८ मध्ये तर स्पष्टच लिहिलं की आपणहून होणाऱ्या बाळंतपणात सरसकट एपी नको. आणि आपण २०१८ नंतरही पहिलटकरीण म्हणून कापतोच आहोत.

उलटं कसं काय, असं वाटेल. केळीचं पान घ्या. अख्खं पान वाऱ्याला बराच वेळ तग धरतं, पण एकदा काठाला चीर गेली की ती मधल्या शिरेपर्यंत जाते. कट सरळ खाली दिला तर तो तसाच गुदद्वाराकडे फाटत जायचा धोका असतो. म्हणून द्यायची वेळ आलीच तर तो बाजूला तिरका द्यायचा, मधल्या रेषेपासून साठ अंशांवर, आणि कातडी पूर्ण ताणली गेल्यावरच. कारण डोकं बाहेर आलं की ताण उतरतो आणि तोच कट शिवताना मध्याच्या बराच जवळ आलेला दिसतो. आम्ही अंदाजाने द्यायचो. साठ अंश कोण मोजतंय, खाली बल्ब पण धड नसायचा.

फाटण्याचं पण समजून घ्या, कारण बायकांना कोणी सांगतच नाही. पहिल्या बाळंतपणात काहीतरी फाटणं, खरचटणं किंवा कट होणं हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं, इंग्लंडमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्था सांगते दहापैकी नऊ जणींना. बहुतेक वेळा ते बारीक असतं. नुसती कातडी फाटली ती पहिल्या दर्जाची, कधी टाकाही लागत नाही. आतला स्नायूही फाटला तर दुसऱ्या दर्जाची. आणि गंमत बघा, एपी म्हणजे मुळात दुसऱ्या दर्जाचीच जखम, स्नायू कापलेला असतोच. म्हणजे जे कदाचित झालंच नसतं किंवा थोडक्यात भागलं असतं ते आपण आपल्या हाताने करून देतो. तिसऱ्या दर्जाची म्हणजे गुदद्वाराचा आवळणारा स्नायू फाटतो, चौथ्यात त्याच्याही आतलं अस्तर. या दोन खऱ्या वाईट, तिकडच्या आकड्यांत पहिल्या बाळंतपणात शंभरात सहा जणींना होतात.

कट कधीच नको असं मी म्हणत नाहीये, नाहीतर उद्या डॉक्टर लोक माझ्यावर चिडतील. बाळाचे ठोके पडायला लागले, लवकर काढायचंय, चिमटा किंवा व्हॅक्युम लावायचाय, खांदा अडकलाय आणि हात घालायला जागा हवी, तेव्हा कट लागतो आणि त्याने जीव वाचतात, मी डोळ्यांनी बघितलेत. माझं भांडण सवयीशी आहे.

आता न फाटण्यासाठी काय करता येतं ते सांगते, कारण याला मशीन लागत नाही की फंड. लागतं गरम पाणी, स्वच्छ कापड आणि धीर. धीर सगळ्यात महाग.

डोकं दिसायला लागलं की आम्ही सगळे एकदम ओरडायचो, जोर लाव! खरं तर तिथेच जोर थांबवायचा असतो. स्वच्छ कापड किंवा जाड पॅड गरम पाण्यात बुडवून, पिळून, खालच्या जागेवर धरायचं. मनगटावर आधी लावून बघायचं, चटका बसता कामा नये, आणि थंड झालं की परत बुडवायचं. एक हात त्या गरम कापडावरून खालच्या जागेला आधार देतो, दुसऱ्या हाताची बोटं बाळाच्या डोक्यावर हलकी ठेवायची, अडवायला नाही, फक्त एकदम सुटू नये म्हणून. आणि बाईला सांगायचं, "आता ढकलू नको, तोंड उघड, फू फू फू कर, गरम चहा फुंकतेस तशी." डोकं थोडं पुढे येतं, परत मागे जातं, परत पुढे. ते मागे गेलं की नवशिक्या सिस्टरला वाटतं अडलं. अडलेलं नसतं, कातडी ताणायला वेळ घेत असते. नुसत्या या गरम कापडाने तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या जखमा जवळजवळ निम्म्याने कमी होतात असं अभ्यासांत दिसलंय. निम्म्याने हो! आणि आमच्या लेबर रूममध्ये गरम पाणी फक्त डॉक्टरांच्या चहापुरतं असायचं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एकदा लाईट गेली, टेबलावर आधीच दुसरी बाई होती, म्हणून एका पहिलटकरणीला खाली गादीवर डाव्या कुशीवर झोपवून डिलिव्हरी केली. वरचा पाय तिच्या आईने धरलेला, त्या रात्री आईला बाहेर काढायला कोणी मोकळं नव्हतं. मोबाईलच्या उजेडात कात्री सापडेना. मूल सावकाश आलं, बघितलं तर एक खरचटा, टाका नाही. मी तेव्हा म्हटलं नशीब चांगलं. आज वाटतं नशीब कसलं, कात्री सापडली नाही एवढंच.

कुशीवर, नाहीतर गुडघ्या-हातांवर ओणवं, बाईला बरं वाटेल तसं राहू द्यावं हेही त्या २०१८ च्या सूचनांत आहे. पाठीवर झोपून पाय वर अडकवणं ही आपली, म्हणजे स्टाफची सोय, आपल्याला वाकावं लागत नाही. उकिडवं बसून केली तर कट कमी लागतात, मात्र बारीक फाटणं आणि रक्त थोडं जास्त जाऊ शकतं हेही सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील बघा आमच्या आज्या कशा उकिडव्या बसून बाळंत व्हायच्या. आज्यांच्या वैजिणीकडे धीर होता हे खरं, पण किती जणी त्यात गेल्या तेही गावाला माहीत आहे, उगाच जुनं ते सोनं नको. आणि ते पोटावर दाब देणं, ते तर बंदच व्हायला हवं, जागतिक संघटना त्याला नकोच म्हणते, तरी आयाबाई स्टुलावर चढून ढोपराने दाबतात.

घरी करण्यासारखंही एक आहे, ते मी मुलीला सांगितलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. पस्तिसाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एकदा-दोनदा, खालच्या जागेला तेलाने मालीश. आपल्याकडे घाण्यावरचं खोबरेल घरोघरी असतं, तेच चालतं. नखं कापून, हात साबणाने धुऊन, अंगठा एक-दीड इंच आत घालून खाली आणि दोन्ही बाजूंना सावकाश दाबत न्यायचं, चार-पाच मिनिटं, ताण जाणवला पाहिजे, दुखायला नको. पोटामुळे हात पोचत नसेल तर नवऱ्याने करायचं, आणि त्याला लाजून चालणार नाही. पहिलटकरणींमध्ये याने टाके घालायची वेळ थोडी कमी येते, खूप नाही, थोडी. अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, खाली इन्फेक्शन असेल तर करायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथे रक्त, बीपी, सोनोग्राफी सगळं बोलतात, हे कोणी बोलत नाही. मी पण कधी बोलले नाही.

बरं, टाके पडलेच तर पुढचं. मुलीला घरी आणलं ती मारुती इकोमधून, हायवेपर्यंत ठीक होतं पण आत वाडीकडे वळल्यावरचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे, दर खड्ड्याला ती दोन्ही हातांनी सीट धरून उठायची, बाळ माझ्या मांडीवर. घरी आल्यावर आमच्या जाऊबाई शेगडी पेटवून तयार, ओवा-बाळंतशेपाची धुरी, बाजेखाली निखारे. कंबर शेका, पाठ शेका, बरं वाटतं, पण ताज्या टाक्यांवर निखाऱ्याची धग द्यायची नाही हो, तिथली कातडी सुजलेली असते, भाजलं तरी कळत नाही. पहिले एक-दोन दिवस उलट थंड हवं. फ्रिजातला बर्फ रुमालात गुंडाळून दहा-वीस मिनिटं. जाऊबाई म्हणाल्या बाळंतिणीला बर्फ? वात धरेल! माझं अर्धा तास भांडण झालं त्यांच्याशी, मग बर्फ ठेवला आणि पोर दोन दिवसांत पहिल्यांदा झोपली, तेव्हा त्या गप्प बसल्या.

दुसरं पाण्याचं. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी बेताने देतात, भाजी कमी, भात-तूप, कुळथाची पिठी, डिंकाचे लाडू. मग तिला खडा होतो, खडा झाला की जोर करावा लागतो, जोर केला की टाके ताणतात, म्हणून ती संडासला जायचंच टाळते, मग अजून खडा. भरपूर पाणी, पालेभाजी, फळं द्या, आपल्याकडे केळी काय कमी आहेत का. लघवी करताना मगाने कोमट पाणी ओतत राहायचं, म्हणजे झोंबत नाही. दुखण्याला पॅरासिटामॉल अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते, सोसत बसायची काही गरज नाही. पाजायचं कुशीवर झोपून. पॅड वेळेवर बदला, जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवा, हळद-राख-पावडरी लावू नका.

टाके घालणाऱ्यांसाठी पण दोन शब्द. भूल द्या, आणि ती चढेपर्यंत थांबा. "दोनच टाके आहेत, सोस" असं मी म्हटलंय बायकांना, देवा मला माफ कर. चांगला उजेड घ्या, मागच्या वाटेने बोट घालून स्नायू शाबूत आहे का ते बघा, न बघता वरवर शिवलं तर आतली जखम तशीच राहते. आणि विरघळणाऱ्या धाग्याने सलग शिवलेलं सुट्या सुट्या टाक्यांपेक्षा कमी दुखतं.

आतली जखम राहिली तर काय होतं ते एकदाच सांगते. माझ्या ओळखीची एक बाई होती, सावंतवाडीच्या एसटीत मला दोन-तीनदा दिसली, सीट रिकामी असली तरी उभी. मला वाटलं हिला गाडी लागते. एकदा शेजारी उभी राहिले तर हळूच म्हणाली, "सिस्टर, बसाक जमणा नाय, आणि वारो धरूक येणा नाय." म्हणजे बसता येत नाही आणि पोटातला वारा आवरत नाही. मूल चार वर्षांचं झालेलं. चार वर्षं तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, भजनाला जाणं सोडलेलं, लग्नाकार्याला पंगतीला बसत नव्हती, लोकांना वाटायचं शिष्ट आहे. विळीवर बसून नारळ खवता येत नाही म्हणून सासू बोलायची ते वेगळंच. त्याला इलाज असतो, व्यायाम असतात, ऑपरेशन असतं. पण विचारायला तर पाहिजे ना कोणी. ताप, घाण वास, टाके उसवणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, वारा किंवा शी आवरता न येणं, यातलं काहीही झालं की सव्वा महिना होऊ दे मग बघू असं करायचं नाही, लगेच दवाखाना.

आमच्या आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे सहा वेळा घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. माझ्या मुलीकडेही आल्या, भर पावसात छत्री मोडलेली तरी आल्या. बाळाचं वजन केलं, ताप बघितला, नाळ बघितली. आईला विचारलं, "दूध येतं ना?" त्याच्यापुढे एक प्रश्न वाढवा, "टाके दुखतात का, बसता येतं का?" एवढ्याने कुणाचं काम फार वाढणार नाही. मानधन मात्र जरूर वाढवा, ते वेगळं पत्र आहे.

आणि सरकारी असो खाजगी असो, प्रत्येक लेबर रूमच्या बाहेर महिन्याला किती नॉर्मल झाल्या आणि त्यात किती जणींना कट दिला हा आकडा फळ्यावर लिहा. सिझेरियनचा आकडा विचारतो तसा हा पण लोकांना विचारू दे. कट द्यायच्या आधी बाईला सांगा, घाई असेल तर दोन शब्दांत सांगा, पण सांगा. सोबत एक बाई आत राहू द्या. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत तिच्या ओळखीच्या बाईला परवानगी दिलीय, २०१७ मध्ये लक्ष्य म्हणून लेबर रूम सुधारायचा कार्यक्रम आला, २०१८ मध्ये नर्सना खास मिडवाईफचं ट्रेनिंग द्यायचं धोरण आलं. कागद सगळे चांगले आहेत. दारातलं "बाहेर थांबा" तेवढं अजून तसंच आहे.

मुलगी आता बरी आहे, खाली मांडी घालून बसते, पण दुसऱ्या बाळाचा विषय काढला की उठून आत जाते.

पत्र छापताना "नाजूक जागा", "स्त्रियांच्या समस्या" असलं काही हेडिंग देऊ नका, टाके म्हणा, टाकेच आहेत ते. आणि माझं नाव छापू नका, माझ्यासाठी नाही, मुलीला गावात सगळे ओळखतात.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स,
जि. सिंधुदुर्ग